परदेशी शिक्षण आणि आजीचे चार प्रश्न

गेल्या वर्षी आपल्या महाविद्यालयात झालेल्या वक्तृत्व स्पर्धेत 'परदेशी शिक्षण : शाप की वरदान?' असा एक विषय होता. आम्ही नऊ स्पर्धकांपैकी सात जणांनी तोच निवडला. जिद्द, ध्येय, गरुडझेप, सातासमुद्रापलीकडे रोवलेला झेंडा हे शब्द त्या दिवशी सभागृहात इतक्या वेळा उच्चारले गेले की, परीक्षक महाशयांनाही शेवटी जांभई आवरेना. मलाही उत्तेजनार्थ बक्षीस मिळाले. शनिवारी गावी गेले तेव्हा ते भाषण मी आजीला मोठ्या हौसेने म्हणून दाखवले. आजीने ते शांतपणे ऐकले आणि तांदूळ निवडता निवडता विचारले, "समदं खरं गं बाई. पर तिकडं ऱ्हायाचं कुठं? खायाचं काय? पैकं कोन धाडणार? आन् दुखलं-खुपलं तर बघणार कोन?"

माझ्या आजीने शाळेचे तोंड पाहिलेले नाही. माझ्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. तेव्हा आजीच्या प्रश्नांना 'अडाणी माणसाची काळजी' असे नाव देऊन मोकळे होणे मला सहज शक्य होते. पण वसतिगृहात पहिल्या वर्षी आले तेव्हाचे दिवस मला आठवले. त्या वेळी मला जे जड गेले ते इंग्रजीचे पुस्तक नव्हे. मेसमधली चपाती पोटाला लागत नव्हती, खोलीतल्या दोघीजणी ज्या तऱ्हेने बोलत त्या तऱ्हेने मला बोलता येत नव्हते आणि पैसे संपले हे घरी कळवायची लाज वाटत होती. गावापासून अवघ्या साठ किलोमीटरवर ही गत, तर समुद्र ओलांडून गेलेल्यांचे काय झाले असेल? माझ्या भाषणात आनंदीबाई जोशी होत्या आणि बाबासाहेबही होते. पण त्या दोघांनी तिकडे खाल्ले काय, हे मला ठाऊक नव्हते. म्हणून आजीचे चार प्रश्न घेऊन मी ग्रंथालयात गेले. तेथे जे सापडले ते येथे मांडते.

आनंदीबाईंपासून सुरुवात करू. त्यांची कथा आपण शाळेपासून ऐकतो. नवव्या वर्षी पोस्टात नोकरी करणाऱ्या गोपाळराव जोशींशी लग्न झाले, चौदाव्या वर्षी मूल झाले आणि ते दहा दिवसांत गेले, त्यातून डॉक्टर होण्याचा निश्चय, इत्यादी. ७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या. वय अठरा वर्षे पूर्ण होऊन आठवडा झाला होता. पती बरोबर नव्हते, सोबतीला होत्या त्या परक्या मिशनरी स्त्रिया. ४ जून १८८३ रोजी त्या न्यूयॉर्कला उतरल्या. म्हणजे जवळजवळ दोन महिने प्रवास झाला.

आता एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. धक्क्यावर त्यांना उतरवून घ्यायला माणूस होते. न्यू जर्सीतील रोझेल या गावच्या श्रीमती कार्पेंटर. गोपाळरावांनी पत्नीच्या शिक्षणासाठी मदत मागणारे एक पत्र अमेरिकन मिशनऱ्यांना लिहिले होते. ते तिकडच्या एका मिशनरी मासिकात छापले गेले. पुढे १८८० मध्ये दाताच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट पाहत बसल्या असताना कार्पेंटरबाईंच्या हाती ते मासिक पडले. त्यांनी पत्र लिहिले, इकडून उत्तर गेले, आणि तीन वर्षे नुसत्या पत्रांवर दोघींचे मावशी-भाचीचे नाते जुळले. मिशनऱ्यांनी आधी धर्मांतराची अट सुचवली होती. कार्पेंटरबाईंनी तसली कोणतीही अट घातली नाही. आनंदीबाईंनी निघण्यापूर्वी श्रीरामपूरच्या महाविद्यालयात भाषण करून, मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन असे जाहीर केले होते. तो शब्द पाळता आला यात त्यांच्या निश्चयाइतकाच या मावशीच्या मोठेपणाचाही भाग आहे, असे मला वाटते. आपल्या भाषणांतून मावशी नेहमी एका वाक्यात उरकली जाते.

तो उन्हाळा आनंदीबाईंनी रोझेलला कार्पेंटरांच्या घरात काढला. म्हणजे परक्या देशातले पहिले महिने त्यांना एका कुटुंबात राहायला मिळाले. टेबलावर कसे बसायचे, दुकानात काय मागायचे, पाहुण्यांशी किती बोलायचे हे कोणी हसत नसताना शिकता आले. त्यानंतर त्या फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. हे महाविद्यालय १८५० साली स्थापन झालेले. तेथील डीन रेचेल बॉडले या स्वतः रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका. त्यांच्या महाविद्यालयाने तीन वर्षांसाठी सहाशे डॉलरची शिष्यवृत्ती देऊ केली. तेव्हा पैशाचा प्रश्न निदान काही अंशी सुटला होता.

राहण्याचा प्रश्न मात्र सुटला नाही. फिलाडेल्फियात त्यांना जी खोली मिळाली तिच्यातली भिंतीतली शेकोटी बिघडलेली होती. पेटवली की धूर धुराड्यातून वर न जाता खोलीत पसरे. विझवली की थंडी. फिलाडेल्फियाची थंडी म्हणजे महाबळेश्वरची नव्हे. तेथे हिवाळ्यात पाणी गोठते, रस्त्यावर बर्फ साचतो. धूर की गारठा, यांतून रोज एकाची निवड करायची आणि त्याच खोलीत शरीररचनाशास्त्राची जाडजूड पुस्तके वाचायची. माझ्या भाषणात 'अनेक संकटांवर मात करून' असे शब्द होते. त्या 'अनेक संकटां'त हे एक नादुरुस्त धुराडे होते.

जेवणाचे हाल तर विचारूच नका. शाकाहार त्यांनी सोडला नाही. आज तिकडे भारतीय वाणसामानाची दुकाने आहेत. त्या काळी डाळ, ज्वारी, कोथिंबीर कोठून मिळणार? तिकडच्या जेवणाच्या ताटातून मांस वजा केले की उरते ते ब्रेड, बटाटा, दूध आणि फळे. गारठ्यात, दिवसभर व्याख्याने ऐकणाऱ्या आणि रात्री जागून अभ्यास करणाऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलीला हे पुरेसे होईल काय, याचे उत्तर माझी आजी क्षणात देईल.

परंतु पोशाखाच्या बाबतीत त्यांनी जे केले ते मला फार शहाणपणाचे वाटते, आणि परदेशी जुळवून घेणे म्हणजे काय याचा तो उत्तम नमुना आहे. नऊवारी लुगड्याला कासोटा असतो, त्यामुळे पोटऱ्या उघड्या राहतात. आपल्याकडे त्यात कोणाला काही वाटत नाही. पण तिकडे स्त्रीचा घोटा दिसणेसुद्धा असभ्य मानले जाई, आणि थंडीत उघड्या पोटऱ्यांनी वावरणे हा तर रोगाला निमंत्रणाचा मार्ग. अशा वेळी दोन टोकाच्या वाटा असतात. एक, हट्टाने लुगडेच नेसायचे आणि कुडकुडायचे. दुसरी, मुकाट्याने गाऊन चढवायचा. आनंदीबाईंनी यांपैकी काहीच केले नाही. त्या गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. गुजराती साडी गोल, पायघोळ आणि आत परकर, त्यामुळे पाय झाकले जातात आणि आतून उबदार कपडे घालता येतात. म्हणजे आपलीच साडी, फक्त नेसण्याची तऱ्हा आपल्याच देशातल्या शेजाऱ्याची! कपाळावरचे कुंकू तसेच राहिले. १८८५ मधले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात आनंदीबाईंशेजारी जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली या विद्यार्थिनी आहेत, आणि तिघीही आपापल्या देशाच्या पोशाखात बसल्या आहेत. त्या वेळी त्या महाविद्यालयात आशियातून आलेल्या अशा आणखी दोघी होत्या हे मला त्या चित्रावरून प्रथम कळले. आपल्यासारखे आणखी कोणी तरी परके येथे आहे, याचा वर्गात किती आधार वाटतो हे ज्याला वाटला आहे त्यालाच कळेल.

आणखी एक अडचण होती, ती पत्रांची. हिंदुस्थानातून अमेरिकेला टपाल पोचायला त्या काळी महिनाभर लागे, म्हणजे प्रश्नाचे उत्तर दोन महिन्यांनी. गोपाळरावांनीच त्यांना शिकवले, त्यांनीच पाठवले, हे खरे. पण त्यांची पत्रे कधी धीराची तर कधी फार बोचरी असत. दूर राहणाऱ्या माणसाला तिकडच्या बदलाचे कारण दिसत नाही, बदल तेवढा दिसतो. साडीची तऱ्हा का बदलली हे तेथली थंडी अंगावर घेतल्याशिवाय कसे समजणार? आणि दोन महिन्यांपूर्वीच्या रागाला आज उत्तर लिहायचे म्हणजे मनाला केवढा शीण! काशीबाई कानिटकर यांनी आनंदीबाईंचे चरित्र लिहिले. ते वाचताना या एकाकीपणाची जितकी जाणीव होते तितकी पाठ्यपुस्तकातल्या धड्यात होत नाही.

११ मार्च १८८६ रोजी त्या एम. डी. झाल्या. आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. त्याच वर्षाच्या अखेरीस त्या परत आल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची जागा त्यांची वाट पाहत होती. पण २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने त्यांचे निधन झाले. बावीसही पूर्ण नव्हती. येथे मी एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे. धुरकट खोलीने किंवा अपुऱ्या अन्नाने त्यांचा बळी घेतला, असे वाक्य भाषणात टाळ्या घेईल, परंतु ते सिद्ध करता येणार नाही. त्या निघण्यापूर्वीच प्रकृतीने अशक्त होत्या. क्षय जंतूमुळे होतो. रॉबर्ट कॉख यांनी तो जंतू १८८२ मध्ये दाखवून दिला होता, मात्र त्यावर स्ट्रेप्टोमायसिनसारखे औषध निघायला आणखी साठ वर्षे लागायची होती. एवढे मात्र म्हणता येईल की, आधीच नाजूक असलेल्या देहाला त्या तीन वर्षांत विश्रांती, ऊब आणि सकस अन्न मिळाले नाही. त्यांच्या अस्थी कार्पेंटरमावशींकडे पाठवण्यात आल्या. न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत त्या ठेवल्या आहेत.

आनंदीबाई न्यूयॉर्कला उतरल्या त्याला बरोबर तीस वर्षे झाली त्या दिवशी, म्हणजे ४ जून १९१३ रोजी, बडोद्यात एका बावीस वर्षांच्या तरुणाने एका करारावर सही केली. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकायचे आणि परत येऊन दहा वर्षे बडोदे संस्थानाची नोकरी करायची, असा तो करार. तारखांचा हा निव्वळ योगायोग आहे, पण टिपून ठेवावासा वाटला. तरुणाचे नाव भीमराव रामजी आंबेडकर. वडील चारच महिन्यांपूर्वी वारले होते, पाठीमागे मुंबईत रमाबाई आणि सगळे घर होते.

जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला पोचले आणि कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टली हॉल या वसतिगृहात उतरले. तेथे आठवडाभरच राहिले, कारण तेथले अन्न धड शिजलेले नसे. मग भारतीय विद्यार्थी राहत त्या क्लबात गेले आणि त्यानंतर लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये. तेथे नवल भथेना हे पारशी गृहस्थ खोलीत सोबती मिळाले, ते जन्माचे मित्र झाले. थोडक्यात, पहिल्या काही महिन्यांत तीन जागा! वसतिगृहात खोली बदलून मागितली की 'जुळवून घ्यायला शिक' असे आपल्याला सांगतात. बाबासाहेबांनी खोलीशी जुळवून घेण्याऐवजी खोली बदलली आणि मग अभ्यासाला बसले.

अर्थात लगेच बसले असेही नाही. पहिले काही महिने मित्रमंडळी, खेळ, रात्री उशिरापर्यंतच्या गप्पा यांत गेले, हे त्यांच्या चरित्रकारांनी लपवलेले नाही. मला ते वाचून फार बरे वाटले. पहिल्यांदाच मोकळेपणाने सर्वांच्या पंगतीला बसायला मिळालेला बावीस वर्षांचा तरुण थोडे दिवस नुसता जगला, तर त्यात नवल काय? ज्याला इकडे शाळेत पाणी प्यायचे तर शिपायाने वरून ओतायची वाट पाहावी लागे, त्याला तिकडे कोणीही जात न विचारता ताट पुढे करी. आनंदीबाईंना परदेशात आपले काय काय सांभाळायचे याची चिंता होती, बाबासाहेबांना परदेशाने अंगावरचे एक ओझे उतरवून दिले. परदेश एकच, पण दोघांना तो सारखा भेटला नाही. कोण काय घेऊन जातो त्यावर तिकडचे जुळणे अवलंबून असते, ही गोष्ट परदेशी शिक्षणावरच्या लेखांतून सहसा येत नाही.

पुढे त्यांनी जो अभ्यास केला त्याची यादी पाहिली तर छाती दडपते. अर्थशास्त्राचे एकोणतीस अभ्यासक्रम, इतिहासाचे अकरा, समाजशास्त्राचे सहा, तत्त्वज्ञानाचे पाच, मानववंशशास्त्राचे चार, राज्यशास्त्राचे तीन आणि प्राथमिक फ्रेंच व जर्मन. आपल्याकडे विषय ठरवून देतात, तेथे विद्यार्थी निवडतो. ही निवडही शिकावी लागते. आणि नुसते ऐकून चालत नाही, चर्चासत्रात स्वतःचा निबंध वाचावा लागतो, बाकीचे त्यावर प्रश्न विचारतात. ९ मे १९१६ रोजी मानववंशशास्त्राच्या अशाच एका सत्रात त्यांनी भारतातील जातींवरचा आपला निबंध वाचला. इकडे ज्या विषयावर तोंड उघडण्याची सोय नव्हती, तोच विषय तेथे अभ्यासाचा झाला.

पैशाचे गणित मी कागदावर मांडून पाहिले. शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंड. त्या वेळच्या दराने ते सुमारे छप्पन्न डॉलर होतात. धनंजय कीर यांनी लिहिले आहे की एक कप कॉफी, दोन मफिन आणि मांसाची किंवा माशाची एक बशी एवढ्याला एक डॉलर दहा सेंट पडत. दिवसातून एकदाच असे जेवण घेतले तरी महिन्याचे तेहतीस डॉलर जातात. उरलेल्या तेवीस डॉलरांत बाकीचा सगळा खर्च, आणि त्यातून घरी पाठवायचे. तरीही न्यूयॉर्कच्या जुन्या बाजारातून त्यांनी सुमारे दोन हजार पुस्तके घेतली. यातली पुष्कळशी परतीच्या वेळी १९१७ मध्ये दुसऱ्या बोटीने पाठवली होती, ती बोट महायुद्धात पाणतीराने बुडाली. पोटाला चिमटा घेऊन जमवलेली पुस्तके समुद्रात गेली, हे वाचल्यावर त्या दिवशी मला पुढे वाचवले नाही.

न्यूयॉर्कहून ते १९१६ मध्ये लंडनला गेले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने अर्ध्यावरून परतावे लागले. १९२० मध्ये पुन्हा गेले ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजातील पगारातून शिल्लक टाकून, भथेनांकडून पाच हजार रुपये कर्ज काढून आणि कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या साहाय्यावर. या वेळी ते किंग हेन्री रोडवरच्या दहा क्रमांकाच्या घरात राहत. घरमालकीण कडक आणि हात आखडता. सकाळी माशाचा तुकडा, पाव, मुरंबा, चहा. दुपारी जवळपास उपास. संध्याकाळी बोव्हरिलचे पातळ सार आणि बिस्किटे. सबंध दिवस ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात. रात्री वाचता वाचता भूक असह्य झाली की ओळखीच्या माणसाने दिलेले पापड पत्र्यावर भाजायचे आणि कपभर दुधाबरोबर खायचे. मग पुन्हा पुस्तक. १९२३ मध्ये त्यांना डी. एस्सी. मिळाली ती रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाबद्दल. ते घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले आणि तेथे आता स्मारक आहे.

आजच्या काळात हे सगळे बदलले आहे काय? आपल्याच महाविद्यालयाच्या एक माजी विद्यार्थिनी सध्या इंग्लंडच्या उत्तरेकडील एका शहरात एम. ए. करीत आहेत. आमच्या प्राध्यापकांच्या ओळखीने त्यांच्याशी फोनवर तीनदा बोलणे झाले. मी त्यांना ताई म्हणते. मी आजीचे चारही प्रश्न त्यांना विचारले तेव्हा त्या आधी खूप हसल्या आणि मग म्हणाल्या, "अगं, हेच विचार. बाकी सगळं संकेतस्थळावर असतं."

राहण्याचे असे की, खोली स्वतंत्र पण स्वयंपाकघर सहा जणांत एक. शीतकपाटात प्रत्येकाचा एक कप्पा. ताईंनी पहिल्या आठवड्यात फोडणी दिली तर धुराची सूचना देणारी घंटा वाजून सगळी इमारत खाली रस्त्यावर उभी राहिली. (आनंदीबाईंच्या वेळी अशी घंटा असती तर, असे माझ्या मनात येऊन गेले.) आता त्या पंखा लावून, झाकण ठेवून फोडणी करतात. पीठ, डाळ, हळद सगळे मिळते, पण आठवड्याचे एकदम आणून ठेवावे लागते. पैशाच्या बाबतीत, विद्यार्थ्याला शिक्षण चालू असताना आठवड्याला वीस तासांपर्यंतच काम करता येते, आणि सगळ्या आशेने त्यावर विसंबणे बरे नव्हे. त्यांचा शिष्यवृत्तीचा एक हप्ता दोन महिने उशिरा आला, तेव्हा खोलीचे भाडे त्यांनी मैत्रिणीकडून उसने घेऊन भरले. भथेना प्रत्येकाला लागतात तर! दुखण्या-खुपण्यासाठी तेथे गेल्यागेल्या जवळच्या दवाखान्यात नाव नोंदवायचे असते. ती आरोग्यसेवेची रक्कम प्रवेशपरवान्याबरोबरच भरून घेतात, म्हणून डॉक्टरकडे जाताना वेगळे पैसे पडत नाहीत. मात्र आधी वेळ ठरवावी लागते. पुष्कळ मुले 'आजारी पडू तेव्हा बघू' म्हणून नाव नोंदवत नाहीत आणि नेमकी तापात धावाधाव करतात.

थंडीपेक्षा अंधाराने अधिक त्रास दिला, असे ताई म्हणाल्या. डिसेंबरात तिकडे चार वाजायच्या आत सूर्य मावळतो. दुपारचा वर्ग आटोपून बाहेर यावे तर रात्र! दोन आठवडे त्यांना विनाकारण रडू येत होते. आपण कमकुवत आहोत असे वाटून त्यांनी ते कोणाला सांगितले नाही. मग वर्गातल्या एका नायजेरियन मुलीनेच सांगितले की, मलाही असेच होते, आपण दुपारी उजेड आहे तोवर रोज अर्धा तास चालू या. त्या दोघी अजून चालतात. फोनमुळे घर रोज दिसते ही सोय मोठी. तरी त्याचाही एक त्रास आहे. आईला रोज हसरा चेहरा दाखवावा लागतो. आनंदीबाईंना पत्र लिहिण्यापूर्वी निदान विचार करायला वेळ मिळत होता.

वर्गातली एक गोष्ट त्यांना सर्वांत अवघड गेली. तिकडे प्राध्यापकांना नावाने हाक मारतात आणि चर्चासत्रात गप्प बसणारा विद्यार्थी नम्र समजला जात नाही, वाचून आलेला नाही असे समजतात. ताई पहिले दीड महिना बोलल्याच नाहीत. आपल्याकडे पहिल्या बाकावर गप्प बसून मिळवलेले गुण तिकडे उपयोगी पडेनात. शेवटी त्यांनी युक्ती केली. आदल्या रात्री एकच प्रश्न वहीत लिहून ठेवायचा आणि सत्राच्या पहिल्या दहा मिनिटांत तो विचारून टाकायचा. ही युक्ती मी आपल्या इतिहासाच्या तासाला करून पाहिली. प्राध्यापक महोदय दचकले, पण उत्तर फार चांगले मिळाले.

हे सगळे टिपण घेऊन मी दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा आजीपुढे बसले. आनंदीबाईंचे ऐकताना ती मध्येच म्हणाली, "त्या मावशीला पुन्यबाई म्हनायची." बाबासाहेबांची तसबीर आमच्या घरात भिंतीवर आहे. आजी त्यांच्या जयंतीला न चुकता हार घालते. पण ते लंडनला अर्धपोटी राहत, हे तिला कोणी सांगितले नव्हते. ती बराच वेळ तसबिरीकडे पाहत राहिली. मग तिने पाचवा प्रश्न विचारला, तो मी यादीत धरलाच नव्हता. "आन् परत आल्यावर कुठं ऱ्हायले?"

त्याचे उत्तर त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. परदेशच्या वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीव त्यांच्या मनातून पार पुसली गेली होती. १९१७ मध्ये करारानुसार बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायला गेले तेव्हा स्टेशनावर उतरताच पहिला प्रश्न हाच पडला की, राहायचे कोठे? हिंदू खाणावळीत प्रवेश नाही. अखेर एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहिले. वरच्या मजल्यावर अडगळीच्या सामानाने भरलेल्या अंधाऱ्या दालनात ते एकटेच असत. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसे आली आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्यास सांगून गेली. ओळखीच्या दोघांकडे आसरा मागितला, दोघांनीही नकार दिला. मग कामाठी बागेत बसून त्यांनी गाडीची वेळ होईपर्यंत दिवस काढला आणि मुंबईला परत आले. न्यूयॉर्कमध्ये तीन खोल्या बदलता आल्या होत्या, बडोद्यात एकही मिळाली नाही.

आजी यावर काही बोलली नाही. मीही बोलले नाही. बी. ए. नंतर अर्ज करावा असे आमचे एक प्राध्यापक मला म्हणतात, हे मी तिला तेव्हाच सांगितले. तिने होय किंवा नाही असे काहीच म्हटले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी एस. टी.ला निघाले तेव्हा ती ओसरीवर बसून शेजारच्या काकूंना विचारीत होती की, उडदाचे पापड चांगले कडक उन्हात वाळवून डब्यात बंद केले तर वर्षभर टिकतात का?